पाटी एक, चुली अनेक

तुमच्या कपाटात एखादी तरी जीन्स अशी असेल, जी दुकानातून नवीकोरी आणली तेव्हाच मांड्यांवर फिकटलेली होती. हा जुनेपणा पूर्वी कामगार हाताने आणायचे. कापडावर वाळूचा जोरदार मारा करायचा, नाहीतर सँडपेपरने घासायचं. वाळूच्या मार्‍यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तुर्कस्तानातल्या कारखान्यांत त्यापायी कामगारांचे जीव गेले आणि २००९ मध्ये तिथे ही पद्धत बंद करण्यात आली. आता यातलं बरंचसं काम लेझर करतो.

अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहराजवळ, रेव्होलेझ नावाची एक छोटी कंपनी आहे. लेझरने डेनिम फिकट करायच्या पद्धतीवर तिची पेटंट्स होती. २०१४ साली तिने ठरवलं की आपल्याला न विचारता ही पद्धत वापरणार्‍या बड्या कपडे कंपन्यांना सोडायचं नाही. तिने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार दाखल केली. पेटंट मोडून बनवलेला माल देशात येऊच न देण्याचा अधिकार या आयोगाला आहे आणि इथली प्रकरणं नेहमीच्या कोर्टापेक्षा झपाट्याने चालतात. तक्रारीत ज्यांची नावं होती त्यांत गॅप ही कंपनीही होती. एवढ्या मोठ्या लढाईला मोठा वकील हवा, म्हणून रेव्होलेझने डेंटन्स या लॉ फर्मला वकीलपत्र दिलं. म्हणजे डेंटन्सच्या अमेरिकेतल्या घराला. हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, का ते पुढे कळेल.

प्रकरण ऐन भरात असताना गॅपने अर्ज केला: डेंटन्सला आमच्याविरुद्ध उभं राहता येणार नाही, कारण डेंटन्स आमचेच वकील आहेत. कॅनडात.

आणि ते खरं होतं.

माझ्या पीएचडीचा विषय व्यावसायिक भागीदारी संस्थांचा इतिहास, असं सांगितलं की नातेवाईक 'बरं' म्हणतात आणि ताटाकडे वळतात. त्यांचं चूक नाही. पण या जीन्सच्या खटल्यात माझा अख्खा विषय मावतो. डेंटन्सचं म्हणणं काय होतं, तर अमेरिकेतली डेंटन्स आणि कॅनडातली डेंटन्स या दोन वेगळ्या फर्म आहेत, त्यांचा नफा वेगळा आणि फायली वेगळ्या. गॅपचं म्हणणं, जगभर तुम्ही एक फर्म म्हणून मिरवता, मग आमच्या वेळेलाच दोन कशा झालात? ही फर्म एक की अनेक, हा प्रश्न कसा उभा राहिला हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी एक साधी गोष्ट. एका कारखान्याने दुसरा कारखाना घेतला तर जमीन, यंत्रं, गोदामातला माल हे सगळं मोजता येतं. लॉ फर्म विकत घेतली तर हातात काय येतं? टेबलखुर्च्या आणि एक नाव. बाकी सगळं माणसांत असतं. भागीदार उठून दुसरीकडे गेला की त्याचे अशील त्याच्यामागे जातात. अमेरिकेत तर 'फर्म सोडल्यावर अमुक वर्षं वकिली करणार नाही' असा करार वकिलाकडून लिहून घेण्याला वकिलीच्या नियमांतच मनाई आहे, कारण आपला वकील निवडायचा हक्क अशिलाचा. म्हणून लॉ फर्मच्या विलीनीकरणात सहसा कोणी कोणाला पैसे देत नाही. दोन भागीदार्‍या एकमेकींना कबूल करतात की यापुढे आपण एका पाटीखाली बसू. कबुली किती खोल, इथेच सगळं अडतं.

दुसरी गोष्ट, फर्मचा आकार ही बाजाराइतकीच कायद्याची करणी असते. इंग्लंडमध्ये एका भागीदारीत २० पेक्षा जास्त भागीदार असता कामा नयेत असा कंपनी कायद्याचा दंडक शंभर वर्षं होता. १९६७ मध्ये सॉलिसिटर मंडळींना त्यातून सूट मिळाली. लंडनच्या फर्म फुगायला लागल्या त्या त्यानंतर. १९८६ मध्ये लंडनचा शेअर बाजार खुला झाला, अमेरिकी बँका आल्या, आणि एका रात्रीत शंभर कागद तपासू शकेल अशी फौज असलेला वकील हवा झाला. १९८७ मध्ये क्लिफर्ड-टर्नर आणि कॉवर्ड चान्स या दोन फर्म एकत्र आल्या आणि क्लिफर्ड चान्स जन्मली. दोघींपैकी कोणीही तेव्हा अगदी पहिल्या ओळीत बसणारी नव्हती. एकत्र आल्या आणि बसली.

याच क्लिफर्ड चान्सने पुढे जे केलं, ते मी नेहमी डेंटन्सच्या शेजारी ठेवून वाचते. २००० साली तिने न्यूयॉर्कची रॉजर्स अँड वेल्स आणि फ्रँकफर्टची प्युंडर या दोन फर्मशी विलीनीकरण केलं. खरंखुरं. सगळ्यांचा गल्ला एक. आता लंडनची रीत अशी की भागीदाराचा वाटा ज्येष्ठतेनुसार वर्षागणिक वाढत जातो. कोणी किती अशील आणले ते बघत नाहीत. न्यूयॉर्कच्या त्या फर्मची रीत उलटी, ज्याने काम आणलं त्याचा घास मोठा. एका पंगतीत वाढायचं ठरलं, पण वाढायचं कसं यावर एकमत नाही. काही बड्या अमेरिकी भागीदारांसाठी नियम वाकवावे लागले, त्याने लंडनवाले धुसफुसले, आणि पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कचे नावाजलेले बरेच भागीदार निघून गेले. गल्ला एक करणं म्हणजे काय असतं, याचा धडा बाकीच्यांनी दुरून घेतला.

धडा घेतलेल्यांना वाट सापडली ती स्वित्झर्लंडच्या दिवाणी संहितेत. तिथे कलम ६० पासून 'फेराइन'चे नियम आहेत. फेराइन हा जर्मन शब्द, अर्थ सरळ 'मंडळ'. राजकीय, धार्मिक, शास्त्रीय, कलाविषयक, धर्मादाय, सामाजिक कामांसाठी चार लोकांनी एकत्र येऊन काढलेलं मंडळ. गावातल्या गायन मंडळासाठी किंवा क्रीडा मंडळासाठी केलेली ही सोय. भांडवल लागत नाही, बहुतेकदा सरकारदरबारी नोंदणीचीही सक्ती नसते. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा याच कलमांखाली मोडते. यात सभासद स्वतंत्र राहतात. प्रत्येकाचा ताळेबंद वेगळा, कर वेगळा, आणि एकाचं देणं दुसर्‍याच्या डोक्यावर येत नाही. मोठ्या हिशेबतपासणी संस्थांपैकी डेलॉइट आणि केपीएमजी यांनी ही युक्ती आधी वापरली. वकिलांमध्ये २००४ मध्ये बेकर अँड मॅकेंझीने हे रूप घेतलं. गंमत अशी की ही शिकागोची फर्म मुळात विलीनीकरणाने वाढलेलीच नव्हती. १९४९ मध्ये सुरू झाली आणि १९५५ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासला कार्यालय उघडून, मग एकेका शहरात बी पेरत गेली. पण तिने दार दाखवल्यावर विलीनीकरणवाले त्यातून रांगेने आत शिरले. २००५ मध्ये डीएलए पायपर, २०१० मध्ये होगन लव्हेल्स, त्यानंतर नॉर्टन रोझ फुलब्राइट.

आपल्याकडे जुन्या वाड्यांत जे असायचं तेच हे. दिंडीदरवाजा एक, ओसरी एक, आडनाव एक. आत प्रत्येक भावाची चूल वेगळी. पाहुण्याला वाटतं एकत्र कुटुंब आहे. वाणी उधारी मागायला आला की कळतं कोणाची वही कुठली.

आता डेंटन्स. लंडनमध्ये डेंटन हॉल नावाची फर्म होती, तिने २००० साली वाइल्ड सेप्ट या अठराव्या शतकात मूळ असलेल्या फर्मशी विलीनीकरण केलं आणि डेंटन वाइल्ड सेप्ट झाली. तिकडे शिकागोत १९०६ पासून सॉनेनशाइन नावाची फर्म होती. २०१० च्या सप्टेंबरअखेर या दोघी फेराइनखाली एकत्र आल्या, नाव एसएनआर डेंटन. सूत्रं मुख्यत्वे दोघांच्या हाती होती, सॉनेनशाइनचे प्रमुख एलियट पोर्टनॉय आणि अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष जो अँड्र्यू. लॉ फर्मच्या अध्यक्षपदी पक्षसंघटना चालवलेला माणूस बसणं हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. गावोगावच्या सुभेदारांना त्यांची सुभेदारी न काढता एका झेंड्याखाली कसं आणायचं, हे काम पक्षवाल्यांना बरोबर येतं.

२८ मार्च २०१३ ला पॅरिसमध्ये १९७८ साली सुरू झालेली सालान्स आणि कॅनडातली फ्रेझर मिल्नर कॅसग्रेन या दोन फर्म आत आल्या. नाव सुटसुटीत झालं: डेंटन्स. वकील सुमारे अडीच हजार. (गॅपचं कॅनडातलं काम याच फ्रेझर मिल्नरच्या वाटेने डेंटन्सच्या वाड्यात शिरलं, हे ध्यानात ठेवा.) त्याच वर्षी अटलांटा-वॉशिंग्टनच्या मॅकेना लाँग या फर्मशी बोलणी झाली आणि फिसकटली, २०१५ मध्ये पुन्हा होऊन जुळली. २०१६ मध्ये सिंगापूरची १८६१ पासूनची रोडिक अँड डेव्हिडसन. पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पॅसिफिक. प्रत्येक नाव सांगत बसले तर ही रेल्वेच्या स्टेशनांची यादी होईल.

पण जानेवारी २०१५ च्या घोषणेवर थांबायलाच हवं. चीनमधली दाचेंग ही फर्म डेंटन्समध्ये येणार असं जाहीर झालं. दाचेंग १९९२ मध्ये बीजिंगला सुरू झाली होती आणि तेवीस वर्षांत चार हजारांवर वकील झाले होते. म्हणजे जो 'पाहुणा' आत येत होता तो घरमालकापेक्षा मोठा होता. एकूण आकडा साडेसहा हजारांच्या वर गेला आणि वकिलांच्या संख्येने डेंटन्स जगातली सर्वांत मोठी लॉ फर्म ठरली. चिनी भाषेत नाव दाचेंग, बाकी सर्व भाषांत डेंटन्स, आणि बोधचिन्हात दोन्ही शेजारी शेजारी. कोणतंही एक मुख्यालय नाही, आम्ही 'बहुकेंद्री' आहोत, असं फर्म अभिमानाने सांगायची.

हे ढोंग होतं का? माझं मत विचाराल तर नव्हतं. निदान पूर्ण नव्हतं. चीनच्या कायद्यात परदेशी फर्मला चिनी कायद्याची वकिली करता येत नाही, चिनी वकील भागीदार म्हणून घेता येत नाहीत. एक गल्ला करायचं मनात असलं तरी शक्यच नव्हतं. कर, चलन, वकिलीच्या सनदा, सगळं देशोदेशी वेगळं. वेगळ्या चुली ही अनेकदा लबाडी नसून अट असते. माझी तक्रार वेगळी आहे. चुली वेगळ्या आहेत हे माहीत असूनही विकलं गेलं ते वाड्याचं एकत्रपण. एका दारातून आत या, जग तुमच्या सेवेला. ही जाहिरात कोणा एका फर्मची नव्हे, या रचनेत शिरलेल्या सगळ्यांची.

आणि चुली वेगळ्या असण्याचा उपयोगही झाला. लंडनची एसजे बर्विन ही फर्म २०१३ मध्ये चिनी-ऑस्ट्रेलियन किंग अँड वुड मॅलेसन्सच्या फेराइनमध्ये गेली होती. भागीदार पटापट सोडून जाऊ लागले, कर्ज वाढलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये युरोपातल्या घराचं दिवाळं वाजलं. इंग्लंडच्या वकिली इतिहासातल्या सर्वांत मोठ्या दिवाळ्यांपैकी ते एक. चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या भावांच्या चुली मात्र पेटत्या राहिल्या. पाटीवरचं नाव एक असूनही देणी त्यांच्या दारात गेली नाहीत. भिंत बांधली होती ती याच दिवसासाठी.

भिंतीची ही बाजू भागीदारांच्या कामी येते. अशिलाच्या बाजूने ती कशी दिसते ते बघायला परत ओहायोला जाऊ.

वकिलीत एक जुना नियम आहे. आज ज्याचं वकीलपत्र घेतलंय त्याच्याच विरुद्ध दुसर्‍या प्रकरणात उभं राहायचं नाही, त्याने समजून-उमजून लेखी संमती दिली तरच. आणि हे बंधन एका वकिलापुरतं नसतं. भागीदारी फर्ममध्ये एकावर असलेलं बंधन सगळ्यांवर असतं, कारण एकाची फाइल दुसर्‍याच्या हाती पडायला वेळ लागत नाही असं कायदा धरून चालतो. म्हणून विलीनीकरणाच्या आधी दोन्हीकडच्या अशिलांच्या याद्या एकमेकींवर ठेवून तपासतात. कित्येक सोयरिकी इथेच मोडतात. फर्म जितकी मोठी, तितके तिने स्वतःला बंद करून घेतलेले दरवाजे जास्त. पाच हजार वकिलांची फर्म म्हणजे नुसती पाच हजारांची ताकद नव्हे, पाच हजारांच्या अशिलांचं बंधनही. फेराइनचं मोठं आकर्षण हेच होतं: ताकद बेरजेची, बंधन ज्याचं त्याचं.

व्यापार आयोगाच्या न्यायाधीशांनी २०१५ च्या मे महिन्यात हे गणित फेटाळलं. अशिलांसमोर तुम्ही एक फर्म म्हणून उभे राहता, तर या नियमापुरतेही एकच. डेंटन्सला रेव्होलेझचं वकीलपत्र सोडावं लागलं.

या क्षणी रेव्होलेझच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर कपडे उद्योगातल्या बड्या कंपन्यांचे वकील. खटला वेगाने पुढे सरकतोय. आणि तुमचा वकील, ज्याला तुमच्या पेटंटांची खडान्‌खडा माहिती आहे, तो मध्येच उठून गेलाय. तुमच्या चुकीने नव्हे. टोरांटोत कोणाचा अशील कोण होता, हे तुम्ही शोधायचं होतं की त्याने? नव्या वकिलाला अ-आ-इ पासून सगळं सांगायचं, त्याचे पैसे मोजायचे, आणि समोरचा ओळखून आहे की तुम्ही दमलात. पुढे गॅपशी तडजोड झाली. रेव्होलेझचं म्हणणं होतं की ती मिळायला हवी होती त्यापेक्षा फार स्वस्तात करावी लागली, आणि म्हणून तिने अमेरिकेतल्या डेंटन्सवरच वकिली हलगर्जीपणाचा दावा लावला. क्लीव्हलँडच्या कोर्टात २०२० मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला: ३ कोटी २२ लाख डॉलरच्या घरात भरपाई. २०२२ मध्ये ओहायोच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

माझ्यासारख्यांना हे खटले सोन्याच्या खाणीसारखे वाटतात, ते रकमेमुळे नाही. लॉ फर्म स्वतःचा इतिहास सहसा लिहीत नाहीत, लिहिला तर वर्धापनदिनाला गुळगुळीत कागदावर. भागीदारीपत्रं गुप्त. पण कोर्टात उभं राहिलं की आपण नेमके कोण आहोत हे शपथेवर सांगावं लागतं. म्हणून माझी पद्धत अगदी बाळबोध आहे. एका हाताला फर्मचं माहितीपत्रक, दुसर्‍या हाताला तिचं कोर्टातलं म्हणणं. पहिल्यात 'आम्ही एक', दुसर्‍यात 'आम्ही अनेक'. दोन्ही कागद एकाच काळातले. बहुतेक फेराइन फर्मच्या संकेतस्थळावर तळाशी, बारीक अक्षरात, आमच्या सभासद फर्म स्वतंत्र आहेत अशा अर्थाचं वाक्य सापडतं. मी हल्ली पान उघडलं की आधी तळ वाचते. तुम्हाला कधी कंपनीच्या वतीने अशा फर्मला काम द्यायची वेळ आली, तर कामाच्या अटींचं पत्र येतं त्यातली हितसंबंधांबद्दलची चार वाक्यं तेवढी चहा बाजूला ठेवून वाचा. त्यांत बहुधा तुमच्याकडून आधीच संमती घेतलेली असते.

दाचेंगचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०२३ मध्ये डेंटन्सने कळवलं की ती आता वेगळी झाली. चीनमध्ये माहितीची गोपनीयता, सायबर सुरक्षा आणि भांडवल यांबाबत नवे नियम आले होते, त्यांत परदेशी संस्थेशी एका छपराखाली राहणं दाचेंगला जमेना. यापुढे ती डेंटन्सची 'पसंतीची' फर्म म्हणून काम करेल. ज्या आकड्यावर 'जगातली सर्वांत मोठी' हे बिरुद उभं होतं, त्यातले साधारण निम्मे वकील एका पत्रकासरशी गेले. आणि बघा, फारसं काही मोडलंच नाही. वाटणीचा खटला नाही, मालमत्तेचं भांडण नाही, कार्यालयंही जिथल्या तिथे. चूल पहिल्यापासून वेगळी असेल तर वाटणीत मोडायला असतं काय? पाटी तेवढी उतरवायची.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो, आणि तो डेंटन्सच्याही आधीचा आहे.

१९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेने तीन परदेशी फर्मना भारतात संपर्क कार्यालय उघडायला परवानगी दिली: व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि अ‍ॅशर्स्ट मॉरिस क्रिस्प. परवानगी होती परकीय चलन कायद्याखाली, म्हणजे परदेशी कंपनीला दुकान थाटायला देतात तशी. लॉयर्स कलेक्टिव्ह या मुंबईच्या वकिलांच्या संस्थेने १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. मुद्दा असा: कोर्टात उभं न राहता नुसते करार लिहून देणं, सल्ला देणं हीही वकिलीच ना? मग त्यालाही १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याची सनद नको? निकाल यायला चौदा वर्षं लागली. १६ डिसेंबर २००९ ला न्यायालय म्हणालं, हो, तीही वकिलीच, सनद हवीच, आणि रिझर्व्ह बँकेने दिलेली परवानगी योग्य नव्हती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली. परदेशी वकिलाने आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यायला अधूनमधून यावं-जावं, एवढी फट ठेवली. ज्या तिघींवरून हे सगळं झालं त्यांतली चॅडबोर्न तोवर उरलीही नव्हती. २०१७ मध्ये ती नॉर्टन रोझ फुलब्राइटमध्ये विरघळली होती.

आपल्याकडच्या फर्म लहान का राहिल्या यालाही तोच २० चा आकडा एक कारण आहे. १९५६ च्या कंपनी कायद्याने २० च्या वर भागीदार ठेवायला बंदी होती, आणि वकिलांना कंपनी म्हणून व्यवसाय करता येत नाही. इंग्लंडने हे कुलूप १९६७ मध्ये काढलं. आपल्याकडे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा यायला २००८ उजाडलं. मधली चाळीस वर्षं मुंबईतल्या जुन्या सॉलिसिटर फर्म घराण्यांसारख्या चालत राहिल्या, वडिलांकडून मुलाकडे.

मार्च २०२३ मध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियाने नियम काढून परदेशी फर्मना मर्यादित दार उघडलं: नोंदणी करा, परदेशी कायद्यावर सल्ला द्या, कोर्टात नाही. त्याच वर्षी डेंटन्सने भारतातल्या लिंक लीगल या फर्मशी हातमिळवणी जाहीर केली आणि पाटीवर नाव आलं, डेंटन्स लिंक लीगल. रचना तीच, ओळखीची.

२०२५ मध्ये बार काउन्सिलने या जोडणीवर बोट ठेवून नोटीस काढली. परदेशी फर्म आणि भारतीय फर्म एका नावाने लोकांसमोर येत असतील, तर त्यांना वेगळं मानायचं की एक? गॅपच्या वकिलांनी वॉशिंग्टनमध्ये विचारलं होतं, त्याच प्रश्नाला दिल्लीचा शिक्का.